आत्मघाती पिशवीच्या पलीकडे : जीबीए१ जनुक आणि एका सोप्या आकृतीची तपासणी

शाळेत पेशी शिकताना लयकारिकेची, म्हणजे लायसोसोमची, एक ओळख तुम्ही पाठ केली असेल : 'आत्मघाती पिशवी'. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातून हे नाव पिढ्यांनी वाचले आहे, आणि एका गुणाच्या प्रश्नाला ते फार सोयीचे आहे. पदवीला आल्यावर या पिशवीला एक आकृती जोडली जाते. जनुकात बिघाड, म्हणून विकर नाही. विकर नाही, म्हणून पिशवीत कचरा साठतो. कचरा साठला की रोग. चार चौकटी, तीन बाण. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात जीवशास्त्राचा जो एक विषय असतो, त्यात तर हे प्रकरण बहुधा या आकृतीपाशीच संपते.

आकृती खोटी नाही. तिच्या आधारावर एका जीवघेण्या रोगावर औषध निघाले, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ती कुठपर्यंत लागू पडते हे कोणी सांगत नाही. नळातल्या प्रवाहाचे सूत्र शिकवताना आम्ही आधी विचारतो की प्रवाह संथ आहे की खळाळता. हद्द न सांगता सूत्र वापरले तर गुण कापतो. जीवशास्त्राच्या तासाला मात्र ही शिस्त आपण दाराबाहेर ठेवून येतो. या टिपणात ती आकृती एकाच जनुकावर, जीबीए१वर, तपासून पाहू. हेच जनुक निवडण्याचे कारण असे की त्याच्या बाबतीत आकृती अर्ध्या वाटेपर्यंत उत्तम चालते आणि मग अडते, आणि ती अडते तिथेच रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न सुरू होतात.

आधी नावाबद्दल. बेल्जियमचे क्रिस्तियान द द्यूव १९४९ मध्ये उंदराच्या यकृतातील एक आम्लधर्मी विकर मोजत होते. ताज्या नमुन्यात विकराची क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. तोच नमुना काही दिवस शीतकपाटात ठेवून पुन्हा मोजला, तर ती वाढलेली. विकर होतेच, पण कसल्या तरी पटलाआड बंद होते आणि पटल सैल झाल्यावर बाहेर आले. १९५५ मध्ये त्या बंद कप्प्याला लायसोसोम हे नाव मिळाले, १९७४ मध्ये द द्यूव यांना नोबेल. म्हणजे लयकारिकेचा शोध लागला तो ती विकरांना नीट कोंडून ठेवते म्हणून, आणि आपल्या लक्षात राहिले ते तिचे फुटणे! ज्या रोगांविषयी आपण बोलणार आहोत त्यांत पिशवी फुटत नाही, ती तुंबते. 'आत्मघाती' हा शब्द इथे विद्यार्थ्याला पहिल्याच पावलावर भलतीकडे नेतो.

जीबीए१ हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर बनते. पेशींच्या पटलांत ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. जुन्या पेशी मोडीत निघतात तेव्हा महाभक्षी पेशी त्यांना गिळतात आणि हे विकर त्या पदार्थाचे ग्लुकोज आणि सेरामाइड असे दोन तुकडे करते. विकर फारच कमी पडले तर महाभक्षी पेशी त्या पदार्थाने फुगतात आणि प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत साठतात. पोट मोठे दिसते, रक्त कमी होते, प्लेटलेट घटतात, हाडे दुखतात. हा गोशे रोग. फिलिप गोशे यांनी १८८२ मध्ये पॅरिसच्या प्रबंधात अशा एका स्त्री-रुग्णाचे वर्णन केले होते, पण त्यांना ती प्लीहेतील गाठ वाटली. विकराची कमतरता हेच मूळ आहे हे रॉस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. मध्ये ८३ वर्षे गेली. आमच्या छत्तीसगडात किंवा शेजारच्या विदर्भात मोठी प्लीहा आणि पांढुरके डोळे घेऊन मूल आले, तर डॉक्टरांच्या मनात आधी मलेरिया आणि सिकलसेल येतो. संभाव्यतेच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही तर पुढची शंका कोणती घ्यायची, हे माहीत असणाऱ्याला त्या मुलाची काही वर्षे वाचवता येतात. पांढऱ्या रक्तपेशींत विकराची क्रिया मोजणे हीच मूळ तपासणी, आणि तिला रक्ताचा साधा नमुना पुरतो.

आता आकृतीची पहिली परीक्षा. वाहकाकडे, म्हणजे ज्याची एकच प्रत बिघडली आहे त्याच्याकडे, विकराची क्रिया साधारण निम्मी असते. कचरा निम्मा साठतो का? नाही, जवळजवळ साठतच नाही. हे समजायला मी राहतो त्या गुढियारीचा घाऊक बाजार बघा. मालाचे ट्रक येतात, हमाल पोती उतरवतात. हमाल निम्मे आले तरी सहसा दिवसाअखेर ट्रक रिकामे होतात, कारण एरवी हमालांचा बराच वेळ वाट बघण्यात जातो. संख्या फारच खाली गेली की मात्र रांग लागते, आणि एकदा लागली की रोज वाढत जाते. कॉन्झेलमान आणि सांडहॉफ यांनी १९८०च्या दशकात नेमका हा विचार गणितात मांडला : विकराची क्षमता एका उंबरठ्याच्या खाली गेली तरच साठा होतो, उंबरठ्याजवळ थोडासा फरकही रोगाची तीव्रता बदलतो. चार चौकटींच्या आकृतीत हा उंबरठा नसतो. तो घातला की आकृती कितीतरी कामाची होते, आणि घालायला एक ओळ पुरते. तरी पुस्तके ती घालत नाहीत, याचे मला नवल वाटते.

उंबरठा आहे म्हणूनच उपचार शक्य झाला. बाहेरून विकर पुरवायचे, तेही पूर्ण भरपाई होईल एवढे नाही, उंबरठा ओलांडेल एवढे. आणि ते महाभक्षी पेशींनीच उचलावे म्हणून विकरावरच्या साखरेच्या साखळ्या छाटून टोकाला मॅनोज उघडे ठेवायचे, कारण या पेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज पकडणारे ग्राही असतात. १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पहिले औषध मानवी वारेतून काढले जात होते. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो वारा लागत. १९९४ पासून तेच विकर प्रयोगशाळेत वाढवलेल्या हॅमस्टरच्या पेशींत बनते, त्याचे नाव इमिग्लुसरेज. प्लीहा आकसते, रक्त सुधारते, मूल वाढीला लागते. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासात इतके नेमके कारण आणि इतका नेमका उपाय फार थोड्या ठिकाणी सापडतो.

मग खर्च. हे गणित तुम्ही स्वतः करा. इमिग्लुसरेजची पूर्ण मात्रा धरली तर दर दोन आठवड्यांनी, वजनाच्या प्रत्येक किलोला ६० युनिट. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ६०० युनिट, वर्षातून २६ वेळा, म्हणजे १५,६०० युनिट. ४०० युनिटच्या कुप्यांत मोजले तर ३९ कुप्या. मूल ३० किलोचे झाले की ११७. मात्रा वजनाबरोबर सरळ रेषेत वाढते आणि औषध आयुष्यभर चालते. भारताच्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात स्वतःच लिहिले आहे की दहा किलोच्या मुलाचा काही दुर्मिळ रोगांवरचा वार्षिक खर्च १० लाखांपासून १ कोटीहून अधिक असू शकतो. मे २०२२ पासून या धोरणाखाली एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, एकदाच. भागाकार करा : वजन वाढले नाही असे धरले तरी खालच्या दराने पाच वर्षे, वरच्या दराने सहा महिने. वजन दुप्पट झाले की मुदत निम्मी. मूल औषधाने बरे होऊन वाढू लागले की मदत लवकर संपते, असे हे समीकरण आहे. एक रकमी मर्यादा आणि आजन्म चालणारी, वजनाने वाढणारी मात्रा यांचा मेळ बसत नाही हे पाहायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

अंतराचा प्रश्न वेगळाच. धोरणाच्या मूळ यादीत आठ उत्कृष्टता केंद्रे होती. महाराष्ट्रातले एक, मुंबईचे केईएम रुग्णालय. छत्तीसगडमधले एकही नाही. रायपूरहून मुंबई रेल्वेने अकराशे किलोमीटरांहून दूर आहे. हा हक्क न्यायालयातही गेला आहे : २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रिक्षाचालकाच्या गोशेग्रस्त मुलाला सरकारने मोफत उपचार द्यावेत असा निकाल दिला होता. मदतीचे धोरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, हे तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

याच धोरणाच्या यादीत एक गोष्ट मला पाठ्यपुस्तकांपेक्षा सरस वाटली. मदतीस पात्र रोगांत गोशेचे पहिला आणि तिसरा हे प्रकार आहेत, पण पुढे अट आहे : मज्जासंस्थेची लक्षणीय हानी झालेली नसावी. ही अट कठोर वाटेल, पण ती विज्ञानातून आली आहे. शिरेतून दिलेले हे विकर रक्तातून मेंदूत जात नाही. प्लीहेला मिळते, यकृताला मिळते, चेतापेशींना नाही. आकृतीच्या 'विकर नाही' या चौकटीत कोणत्या अवयवातले विकर हे लिहिलेले नसते. जी हद्द पुस्तकाने सांगायला हवी होती, ती सरकारी कागदाच्या एका अटीत सांगितली गेली.

भारतात ही हद्द अधिकच महत्त्वाची आहे. गोशे रोगाची पुस्तकी माहिती बहुतांशी पश्चिमेकडच्या रुग्णांवरून, त्यातही अश्केनाझी ज्यू समाजावरून आलेली आहे. त्या समाजात सुमारे ८५० जन्मांमागे एकाला हा रोग होतो, आणि तिथले नेहमीचे उत्परिवर्तन एन३७०एस. याची एक जरी प्रत असली तरी मेंदू बहुधा वाचतो. भारतीय रुग्णांत चित्र निराळे आहे. अहमदाबादच्या जयेश शेठ आणि सहकाऱ्यांनी शंभर भारतीय रुग्णांच्या जनुकाची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, तीत अर्ध्याहून अधिक ठिकाणी एल४४४पी हे उत्परिवर्तन निघाले. दोन्ही प्रती एल४४४पी असतील तर मेंदूलाही झळ बसण्याची शक्यता मोठी. स्वीडनच्या नॉरबॉटन भागातील तिसऱ्या प्रकारचे रुग्ण याच उत्परिवर्तनाचे. अर्थात तेवढ्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही. जनुकसंच तंतोतंत सारखा असलेल्या जुळ्यांतही एकाला रोग तीव्र आणि दुसऱ्याला नगण्य, अशी उदाहरणे नोंदली गेली आहेत.

इथे थोडे थांबून तपासणीच्या अहवालाबद्दल सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण पुढे जनुकीय माहितीच्या संगणनात नोकरी करणार आहेत. एल४४४पी म्हणजे ४४४व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन. नव्या पद्धतीच्या अहवालात हेच ४८३व्या जागी लिहिलेले असते. जुनी पद्धत प्रथिनाच्या सुरुवातीचा ३९ अमिनो आम्लांचा, नंतर कापला जाणारा भाग मोजत नसे, नवी मोजते. ४४४ अधिक ३९ बरोबर ४८३. तसेच ३७० चे ४०९. दोन अहवाल शेजारी ठेवून ही दोन वेगळी उत्परिवर्तने समजू नका. दुसरी अडचण जास्त खोल आहे. जीबीए१च्या जवळच, सुमारे १६ हजार अक्षरांच्या अंतरावर, त्याचे एक छद्मजनुक आहे, आणि विकराची माहिती सांकेतिक करणाऱ्या भागांत त्या दोघांचे साम्य जवळपास ९६ टक्के आहे. आजची बहुतेक यंत्रे डीएनएचे छोटे तुकडे वाचून संगणकावर जुळवतात. तुकडा खऱ्या जनुकाचा की छद्मजनुकाचा, हेच कळेनासे होते. काही रुग्णांत तर दोघांची सरमिसळ होऊन छद्मजनुकाचा तुकडा खऱ्यात शिरलेला असतो, आणि एल४४४पी हा त्या तुकड्याचाच भाग असू शकतो. म्हणून या जनुकाबाबत 'दोष आढळला नाही' या वाक्याआधी 'कोणत्या पद्धतीने' हे विचारले पाहिजे.

आता आकृती अडते ती जागा. वाहकाकडे निम्मे विकर असते, कचरा साठत नाही, म्हणजे वाहक निरोगी. सिकलसेलच्या शिबिरांमुळे हे वाक्य आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण गोशे रुग्णांच्या नातेवाइकांत कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, जरा जास्तच दिसतो, असे दवाखान्यांतून लक्षात येऊ लागले होते. एलन सिड्रान्स्की यांनी १६ केंद्रांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये प्रसिद्ध केली : कंपवाताचे ५,६९१ रुग्ण, तुलनेसाठी ४,८९८ माणसे. जीबीए१चे उत्परिवर्तन रुग्णांत जास्त सापडले. ऑड्स रेशो, म्हणजे शक्यतांचे गुणोत्तर, ५.४३.

हा आकडा वर्तमानपत्रात 'पाचपट धोका' म्हणून येतो आणि घरात भीती बनून बसतो. तो नीट वाचू. समजा, एरवी १०० पैकी दोघांना आयुष्यात कंपवात होतो. शक्यता झाली २ भागिले ९८. तिला ५.४३ ने गुणले की ०.११, आणि हे पुन्हा टक्क्यांत बदलले की सुमारे १०. म्हणजे या गृहीतकावर १०० वाहकांपैकी ९० जणांना कंपवात होत नाही. ५.४३ हा आकडा खरा आहे आणि ९०चा हिशेबही त्याच आकड्यातून निघतो. रुग्णाच्या भावाला यांपैकी कोणता आधी सांगायचा, हा निव्वळ शास्त्राचा प्रश्न नाही.

पण वैज्ञानिक प्रश्न उरतोच. निम्म्या विकराने कचरा साठत नसेल, तर वाहकाच्या मेंदूत बिघडते काय? आकृतीवर विसंबून एक उपाय योजला गेला. कचरा तयार होण्याचाच वेग कमी करायचा. व्हेंग्लुस्टॅट हे औषध मेंदूत पोहोचते आणि तो स्निग्ध पदार्थ बनवणाऱ्या विकराला अडवते. जीबीए१ असलेल्या कंपवाताच्या २२१ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. मेंदूभोवतीच्या द्रवात पदार्थाचे प्रमाण खरोखर घटले. रुग्णांच्या हालचालीत मात्र सुधारणा झाली नाही. चाचणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी चौकट रिकामी केली आणि चौथी हलली नाही! एका चाचणीवरून साठ्याचा काही संबंधच नाही असे म्हणणे घाईचे होईल, कारण चाचणी सुरू झाली तेव्हा चेतापेशी आधीच मेल्या असतील. पण तिसऱ्या चौकटीतूनच सगळा रस्ता जातो, हा दावा आता जपून करावा लागतो.

पर्यायी स्पष्टीकरणासाठी पुन्हा बाजारात येऊ. हमाल न येणे ही एक गोष्ट. हमाल येऊन गोदामाच्या दारातच आडवा होणे ही दुसरी. चुकीच्या घडीचे विकर आंतर्द्रव्यजालिकेत अडकते, लयकारिकेपर्यंत पोहोचत नाही, आणि पेशीची प्रथिने निस्तरणारी यंत्रणा त्यातच गुंतते. हे केवळ 'नसणे' नाही. यात आणखी एक फेरा आहे, जो २०११ मध्ये मझुल्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवला : विकर कमी पडले की अल्फा-सायन्युक्लिन हे कंपवातातील प्रथिन साठते, आणि साठलेले प्रथिन नव्या विकराला लयकारिकेकडे जाऊ देत नाही. विकर आणखी घटते. नियंत्रणशास्त्र शिकलेल्यांना हा धन प्रतिपोष लगेच ओळखू येईल. सरळ बाणांच्या आकृतीत फेरा काढायला जागाच नसते. ज्यांच्या जीबीए१मध्ये काहीही दोष नाही अशा कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतही या विकराची क्रिया घटलेली आढळते, ती कदाचित याच फेऱ्यामुळे.

अडकलेल्या हमालाला हात देऊन उठवणारे औषध म्हणून अम्ब्रोक्सॉलचे नाव तुम्ही वाचाल. होय, खोकल्याच्या औषधातले. ते विकराची घडी सावरते, हे २००९ मध्ये जुन्या औषधांची चाळणी करताना दिसले. २०२०च्या एका छोट्या चाचणीत १७ रुग्णांना दिले, तुलनेचा गट नव्हता. मात्रा दिवसाला १,२६० मिलिग्रॅम. खोकल्यासाठी ३० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, म्हणजे ९० मिलिग्रॅम. चौदापट फरक आहे, तेव्हा आजोबांना सिरपची बाटली नेऊन देऊ नका. कंपवातातील स्मृतिभ्रंशावरच्या कॅनडातील चाचणीत, २०२५ मध्ये, औषध सुरक्षित ठरले पण मुख्य निकषांवर फरक दिसला नाही. मोठ्या चाचण्या चालू आहेत.

राहता राहिली पहिली चौकट, 'जनुकात बिघाड'. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत, त्यांत नायजेरियाचे अनेक, जीबीए१चा एक बदल सापडला, जो कंपवाताशी जोडलेला आहे. तो प्रथिनाची माहिती सांगणाऱ्या भागात नाहीच. मधल्या, कापून टाकल्या जाणाऱ्या भागात आहे. आरएनए जोडताना तिथे गडबड होते आणि विकर कमी बनते. विकराच्या अमिनो आम्लांत एकही फरक नाही. युरोपीय रुग्णांच्या अभ्यासात तो दिसला नव्हता, कारण त्या लोकसंख्येत तो जवळपास नाही. भारतीय जनुकांत असे काय दडले आहे, हे भारतीय रुग्ण तपासल्याशिवाय कळणार नाही.

स्वाध्याय : (अ) सामान्य प्रमाण १०० मध्ये १ धरून वरचा ऑड्स रेशोचा हिशेब पुन्हा करा आणि उत्तर एखाद्या वाहकाला सांगायचे असेल तर कोणत्या वाक्यात सांगाल ते लिहा. (आ) चार चौकटींची आकृती पुन्हा काढा. तीत उंबरठा, अवयव आणि अल्फा-सायन्युक्लिनचा फेरा दाखवा. बाण सरळ राहणार नाहीत; पान आडवे धरा.